टीएसडीएफची मेंबरशिप: गाडी वेळेवर येते, निळी प्रत कधी येते?

घातक कचरा उचलणारी सेवा घेताना बहुतेक कारखाने दोनच प्रश्न विचारतात: टनाला दर काय, आणि गाडी कधी येणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण सेवेचा दर्जा त्यांवरून कळत नाही. कचरा गेटबाहेर गेल्यावर तुमच्याकडे परत काय येतं (म्हणजे माल पोचल्याची निळी प्रत), यावर तो कळतो.

घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून त्याची विल्हेवाट लावणारी सामायिक केंद्रं, म्हणजे टीएसडीएफ, महाराष्ट्रात महापे, तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. हा रिव्ह्यू त्यांपैकी एखाद्याचा नाही. लहान आणि मध्यम कारखान्याला ही सेवा कशी मिळते, पैसे कशाचे मोजावे लागतात आणि काम अडतं कुठे, एवढंच इथे पाहू.

मेंबरशिप घेतली म्हणजे लगेच गाडी येते असं नाही. आधी नमुना जातो आणि त्याची सविस्तर तपासणी होते. कचरा थेट लँडफिलला (पुरण्याच्या जागी) जाणार, प्रक्रिया करून लँडफिलला जाणार की भट्टीत, हे त्यावर ठरतं. दरही तिथेच ठरतो, आणि भट्टीचा सगळ्यात महाग. पुढे प्रत्येक गाडीच्या वेळी गेटवर झटपट तपासणी होते, जिला तिथली मंडळी ‘फिंगरप्रिंट’ म्हणतात: रंग, पीएच, ओलावा, ज्वलनांक. मूळ नमुन्याशी मेळ बसला नाही की गाडी थांबते. यात केंद्राला दोष देऊन उपयोग नाही. नमुना टाकीच्या वरच्या थरातून घ्यायचा आणि माल तळातून भरायचा, ही चूक कारखान्याचीच असते. स्लजचा (सांडपाण्यातून निघणाऱ्या गाळाचा) नमुना किमान चार-पाच बॅगांमधून, वरून-खालून घेऊन, एकत्र कालवून द्यावा.

तपासणीचा अहवाल हा या सेवेचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग. त्यात टीसीएलपी या चाचणीचे आकडे शोधा. या चाचणीत कचऱ्याच्या वीसपट वजनाचा आम्लधर्मी द्रव घालून बाटली मिनिटाला 30 फेऱ्यांनी 18 तास फिरवतात आणि द्रवात काय उतरलं ते मोजतात. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतल्या अनुसूची 2 नुसार शिसं लिटरला 5 मिलिग्रॅम, कॅडमियम 1, पारा 0.2 या मर्यादा आहेत. आकडा मर्यादेच्या वर असेल तर माल आधी सिमेंट, चुना किंवा फ्लाय अॅश (कोळशाची राख) घालून घट्ट ठोकळ्यात बांधावा लागतो. इथे एक जुनी गफलत वारंवार होते: जास्त चुना म्हणजे जास्त सुरक्षित, असा समज. शिसं आणि जस्त हे दोन्ही धातू फार वरच्या पीएचला पुन्हा विरघळतात, त्यामुळे चुना अति झाला की ठोकळा दगडासारखा दिसतो आणि चाचणीत नापास होतो. क्रोम प्लेटिंगच्या स्लजमध्ये सहा संयुजेचं क्रोमियम असेल तर नुसता चुना काहीच करत नाही. आधी पीएच 2 ते 3 वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचं तीन संयुजेत रूपांतर करायचं, मग पीएच साधारण साडेआठपर्यंत वाढवून खाली बसवायचं. हे काम कारखान्याच्या ईटीपीतच (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेतच) करून घेतलं तर केंद्राकडे प्रक्रियेचे वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

आता वजनाचं. ही सेवा वजनावर चालते, आणि स्लजमध्ये निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या 1000 किलो केकमध्ये (दाबून पाणी काढलेल्या स्लजमध्ये) 65 टक्के ओलावा असेल तर घन भाग फक्त 350 किलो. तोच केक छपराखालच्या वाळवणीवर 40 टक्क्यांपर्यंत आणला की वजन 583 किलो होतं. म्हणजे 417 किलो पाणी ट्रकमध्ये बसवून लँडफिलमध्ये पुरण्याचे पैसे वाचले. छप्पर मात्र हवंच, नाहीतर पहिल्याच पावसात हिशेब उलटा होतो आणि निचरा गटारात जातो. द्रव मोकळा आहे की नाही, हे पाहण्याची सोपी चाचणी आपल्याकडेही करता येते: रंग गाळायच्या शंकूच्या आकाराच्या जाळीत 100 ग्रॅम स्लज ठेवायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. एक थेंब जरी खाली पडला तरी तो माल लँडफिलसाठी तयार नाही.

पॅकिंगच्या बाबतीत सेवा देणारे फारसं सांगत नाहीत, आणि हा माझ्या मते या सेवेचा कच्चा दुवा. आम्लाला एचडीपीई प्लास्टिकचा ड्रम, टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटला लोखंडी. उलट केलं तर आम्ल लोखंड खातं आणि सॉल्व्हंटने प्लास्टिक फुगतं. द्रवाचा ड्रम काठोकाठ भरू नये, वर साधारण दहावा भाग मोकळा ठेवावा. सायनाइडचा माल आणि आम्ल एका पॅलेटवर नको, हायपोक्लोराइट आणि आम्लही नको. पहिल्यात हायड्रोजन सायनाइड निघतो, दुसऱ्यात क्लोरीन. दोन्हींना घाटातल्या एका गचक्याने फुटलेला ड्रम पुरे. लेबल फॉर्म 8 प्रमाणे: पिवळ्या चमकत्या पार्श्वभूमीवर ‘घातक कचरा’ हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि मराठीत, पाण्याने न पुसणारे. मार्करने लिहिलेली कागदी पट्टी गोदामातच विरून जाते.

आणि रिकामे ड्रम? तेही घातक कचराच आहेत, अनुसूची 1 मधला 33.1 क्रमांकाचा प्रकार. भंगारवाल्याला दिले तर चार पैसे मिळतात खरे, पण तो ड्रम पुढे पाण्याच्या टाकीसाठी विकला गेला तर नियम 23 खालची जबाबदारी कारखान्याच्या मालकापर्यंत पोचते.

साठवणुकीची मुदत 90 दिवस. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा निघणाऱ्या कारखान्यांना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण मागितल्यावर, आपोआप नाही. लहान कारखान्यांची खरी कोंडी इथे होते. गाडी पूर्ण भाड्याने येते आणि माल असतो 300 किलो. शेजारच्या युनिटबरोबर एकाच फेरीत माल पाठवण्याची सोय आहे का, हे करार करण्यापूर्वीच विचारा. सोय असली तरी मॅनिफेस्ट (मालाबरोबर जाणारा नोंदीचा फॉर्म) प्रत्येकाचं वेगळं, वर्गवारी वेगळी, आणि दोघांचा माल एकाच बॅगेत कधीच नाही.

मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म 10, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी तुम्ही मंडळाला पाठवता, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवता. उरलेल्या पाच ट्रकबरोबर जातात: गुलाबी केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्र मंडळाला पाठवतं, आणि निळी तुमच्याकडे परत येते. राखाडी लागते ती कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तेव्हा, पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळासाठी. पिवळी प्रत एवढंच सांगते की माल ट्रकमध्ये चढला. तो केंद्रात उतरला आणि किती वजनाने उतरला, हे फक्त निळी सांगते. मागितल्याशिवाय निळी प्रत देणारी सेवा चांगली. तीन फोन करायला लावणारी मध्यम. आणि ‘वर्षअखेरीस सगळ्या एकदम देतो’ म्हणणाऱ्याशी करार करू नये, दर कितीही कमी असो.

काही गोष्टी या सेवेत बसतच नाहीत. वापरलेलं वंगण तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं, बॅटऱ्यांसाठी 2022 चे वेगळे नियम आहेत. किरणोत्सारी वस्तू तर पूर्णपणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत. जुन्या टाकीवरचा सिझियमचा लेव्हल गेज (पातळी मोजणारं उपकरण) कुणी भंगारात टाकू नये, हे वेगळं सांगायची गरज पडू नये. पण दिल्लीतल्या मायापुरीत 2010 साली विद्यापीठाच्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-60 भंगारातच पोचला होता आणि त्यात एकाचा जीव गेला.

फॉर्म 4 चं वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत भरायचं असतं. ते भरण्याआधी एक बेरीज करून पाहा: वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक फॉर्म 3 च्या नोंदवहीतला निघालेला कचरा, त्यातून शिल्लक साठा वजा, आणि समोर निळ्या प्रतींवरच्या वजनांची बेरीज. वाळवणीमुळे कमी झालेलं वजन नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहिलं नसेल तर हे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि तपासणीला आलेला अधिकारी सगळ्यात आधी तेच विचारतो.