'स्प्लिट मादी' सांगून मला ४१,००० ला बुडवलं, चॉकलेट ऑर्पिंग्टन (चॉकलेट रंगाच्या विलायती कोंबड्या) घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

हे लिहायला तीन महिने लागले कारण घरातच तोंड दाखवायला जागा नव्हती, पण मागच्या आठवड्यात मला विकणाऱ्या त्याच माणसाने तोच कोंबडा, तोच व्हिडिओ परत स्टेटसला टाकलेला बघितला आणि डोकं फिरलं. आकडे आधीच सांगून टाकते. ट्रायो २६,००० (नर १२,०००, दोन माद्या ७,००० प्रमाणे), बसचं पार्सल आणि खोका १,४००, नंतर २० अंडी ४०० प्रमाणे ८,०००, त्याचं पॅकिंग ६००, आणि 'बायबॅक रजिस्ट्रेशन' (म्हणजे पिल्लं तो परत विकत घेणार याची नोंदणी) ५,०००. झाले ४१,०००. त्यातले ४०,००० माझ्या भिशीचे, मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले. इन्क्युबेटर, खाद्य, लसी यात धरलेल्याच नाहीत.

मी काही कालपरवा कोंबड्या बघितलेली बाई नाही. माहेर गोराईचं, आईच्या परसात कायम दहा-बारा गावठी असायच्या, लासोटाचे (राणीखेतच्या लसीचे) थेंब मी शाळेत असल्यापासून पिल्लांच्या डोळ्यात टाकतेय. आता राहते बिल्डिंगमध्ये, पक्षी भाऊ सांभाळतो, रविवारी बोटीने खाडी ओलांडून मी जाते. ब्रह्मा, पॉलिश कॅप या शोभेच्या जाती केल्यात, विकल्यात, चार पैसे सुटलेत. म्हणून कोणी "हाव नडली" म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. मला तो रंग हवा होता. ज्यांनी खरा चॉकलेट ऑर्पिंग्टन बघितलाय त्यांना कळेल, काळ्याची ती हिरवी झाक नाही, कोको पावडरसारखा मऊ तपकिरी, मानेपासून शेपटीपर्यंत एकसारखा.

व्हिडिओ संध्याकाळच्या पिवळ्या उन्हातला होता. हे लक्षात ठेवा, संध्याकाळच्या उन्हात जुन्या पिसांची साधी काळी कोंबडीही तांबूस दिसते. सावलीतला व्हिडिओ मागा, पंख उचलून आतलं पीस दाखवायला सांगा. तो म्हणायचा यूकेची इम्पोर्टेड लाइन आहे. आता कळतंय की परदेशातून पक्षी किंवा उबवणीची अंडी आणायला सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतं, तेव्हा मी कागद मागितलाच नाही. बायबॅकचं ऐकल्यावर मात्र मी लगेच विचारलं होतं, कारण २०१९ चं सांगलीकडचं कडकनाथ प्रकरण, कोंबड्या परत घेतो सांगून लोकांना बुडवलं ते, कोण विसरेल, आमच्या ओळखीतल्या एकांचे त्यात गेलेत. तर म्हणाला, "ताई, आपण युनिट विकत नाही, आपण ब्रीडर आहोत, पिल्लू १,५०० ने मी परत घेतो, नाही घेतलं तर माझं नाव बदला." मी विचारलं म्हणजे सावध होते ना? मला वाटलं सावध आहे.

आणि आता ते, ज्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही. मी त्याला विचारलं, दादा, नर चॉकलेट आहे पण दोन्ही माद्या तर काळ्या दिसतायत. तो म्हणाला, "ताई, माद्या स्प्लिट आहेत, जीन आत आहे, म्हणून तर ७,०००, साधी काळी असती तर दीड हजाराला दिली असती." मी बारावी सायन्स केलेली बाई, तिथेच फोन ठेवायला हवा होता. चॉकलेटचा जीन सेक्स-लिंक्ड रिसेसिव्ह (लिंगाशी जोडलेला, दबून राहणारा) आहे, झेड क्रोमोसोमवर बसतो, ब्रिटनच्या डॉ. क्लाइव्ह केअरफूट यांनी ऑर्पिंग्टन बँटमवर (छोट्या आकाराच्या ऑर्पिंग्टनवर) ते दाखवून ठेवलंय. कोंबड्यांत माणसाच्या उलट असतं, नराकडे दोन झेड, मादीकडे एकच. त्या एका झेडवर जीन असला तर मादी चॉकलेट, नसला तर नाही, मधलं काही नाही. स्प्लिट फक्त नर असतो. चॉकलेटची स्प्लिट मादी या जगात नाही. त्या एका वाक्यात त्याने स्वतःची फसवणूक माझ्यासमोर उघडी करून ठेवली होती आणि मी "बरं बरं" म्हणून गुगल पेवर २६,००० टाकले. माझ्या डोक्यात ब्रह्मा, कोचीनचे काही रंग होते, तिथे नर काय मादी काय, दोन्ही कॅरियर असतात, म्हणून मला ते खटकलं नाही. एवढंच माझं म्हणणं, बाकी चूक माझीच.

पहाटे साडेपाचला बोरिवलीला हायवेवर बस आली, क्लीनरने भोकं पाडलेला खोका हातात दिला, भोकातून नराचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. रिक्षा, जेट्टी, बोट, खोका पूर्ण वेळ मांडीवर. नर तपकिरी होता, खरंच होता, म्हणून मला कसला संशय येणार?

२२ अंडी लावली, १७ पिल्लं निघाली, पावसात तीन गेली, राहिली १४. सहा काळी, आठ तपकिरी. चार महिन्यांनी एका सकाळी भावाचा फोन, "ताई ऐक," आणि मागून आरवल्याचा आवाज, फाटका, अर्धाच. त्या आठ तपकिरीतला एक आरवत होता. नंतर कळलं त्या आठात तीन नर आहेत. मी आनंदाने त्याला फोटो पाठवला आणि तो म्हणाला, "नशीबवान आहात ताई, नरपण चॉकलेट निघाले." अहो, खरा चॉकलेट नर आणि काळी मादी लावली तर मुली सगळ्या चॉकलेट आणि मुलगे सगळे काळे यायला पाहिजेत! तपकिरी नर आणि काळ्या तलंगा (कोवळ्या माद्या) एकाच घाण्यात, म्हणजे पुरावा माझ्या परसात आरवत होता आणि मी त्याचेच फोटो काढत बसले. याच खुशीत २० अंडी आणि बायबॅक रजिस्ट्रेशनचे पैसे गेले.

अंडी सातव्या दिवशी कँडल केली (उजेडावर धरून बघितली), १४ साफ पिवळी, आत काही नाही. "बसमध्ये हलली असतील." हलल्याने फळलेलं अंडं मरतं, बिनफळलेलं होत नाही. उरलेल्या सहातून चार निघाली, त्यातलं एक उघड्या मानेचं! ऑर्पिंग्टनमधून उघड्या मानेचं पिल्लू! तेव्हा कुठे डोळे उघडले.

वसईच्या एका जुन्या ब्रीडरला मोठे पक्षी दाखवले. त्यांनी मिनिटभरात सांगितलं, "बाई, हा डन आहे." डन म्हणजे वेगळाच जीन, काळ्यावर एक डोस पडला की तपकिरी, दोन डोस पडले की खाकी. डनला डन लावा, पाव काळे, अर्धे डन, पाव खाकी, कायम अशीच फूट पडणार, लाइन कधी स्थिर होणार नाही. डन वाईट नाही, ज्याला आवडतो त्याने डन म्हणून डनच्या भावात घ्यावा. घेण्याआधी आईबापासकट पिल्लांचे फोटो मागा आणि नर-मादी वेगळे मोजा. जो मोजून देत नाही त्याला एक रुपया टाकू नका. बायबॅकला फोन केला तर "सध्या मार्केट डाउन आहे", मग ब्लॉक.

पोलीस स्टेशनला गेले तर समोरचे साहेब आधी हसले. "कोंबडी काळी निघाली म्हणून तक्रार?" मी म्हटलं साहेब, न्याय संहितेचं ३१८ कलम, फसवणूक. तर म्हणे सिव्हिल मॅटर आहे. मग म्हणे पैसे इथून गेले, पक्षी गोराईला, माणूस तिसऱ्या जिल्ह्यातला, आमच्या हद्दीत काय घडलं? झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवतात ती) म्हटलं तर "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" दुसऱ्या ठिकाणी दोन तास बाकावर बसवलं आणि साधा अर्ज घेतला, शिक्काही मागून मागून मारून घेतला. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलाय. ग्राहक आयोगाचं विचारलं तर पहिला प्रश्न, बिल कुठाय? बिल नाही, माझ्याकडे "ताई काळजी करू नका" असे ऑडिओ मेसेज आहेत. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे लेखी मागितलं की हा चॉकलेट नाही, तर म्हणाले रंगाचं सर्टिफिकेट आम्ही देत नाही, लसीकरण असेल तर बोला. मग कोण देतं? त्यांनाही माहीत नाही. प्रत्येकाने मला पुढच्याकडे पाठवलं, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून, कोंबड्याच्या आरवण्यापासून, लोकांसमोर सांगावं लागलं. मागे रांगेतली माणसं हसत होती.

पैसे गेले त्याच दिवशी कळलं तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, मला कळायला कित्येक महिने लागले. यूपीआयला रिमार्कमध्ये "चॉकलेट ऑर्पिंग्टन ट्रायो" असं लिहूनच पैसे टाका, माझ्या रिमार्कमध्ये नुसतं "बर्ड्स" आहे. आणि व्हॉट्सअॅप डिसअपियरिंगवर आहे का ते बघा, त्याने मध्येच चालू केलं होतं, अर्धं बोलणं गेलं.

तपकिरी नर अजून गोराईलाच आहेत, ४०० च्या वर कोणी मागत नाही, आणि डन आहे असं सांगितल्याशिवाय मी ते कोणाला देणार नाही. ज्यांनी संध्याकाळच्या उन्हातला तो व्हिडिओ बघून काळ्या 'स्प्लिट' माद्या घेतल्यात त्यांनी चॅट, ऑडिओ, पेमेंटचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा आणि आपापल्या ठिकाणी लेखी अर्ज द्या. मी मंगळवारी परत जातेय, यावेळी सहा तलंगा, तीन नर आणि त्या उघड्या मानेच्या पिल्लाचे फोटो कलरमध्ये प्रिंट करून.