बावन्नाव्या वर्षी स्टिअरिंगवर

चढावर गाडी मागे घसरेल या धास्तीने मी शिकाऊ परवान्याची ६ महिन्यांची मुदत दोनदा संपू दिली होती. तिसऱ्या खेपेस कोथरूडमधील एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. तेथील शिक्षिकाबाईंनी कात्रजच्या जुन्या घाटात, हँडब्रेक ओढलेला ठेवून, क्लच हळूहळू सोडताना इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलले जाते, तो नेमका क्षण मला वीसेक वेळा ओळखायला लावला आणि मगच हँडब्रेक सोडू दिला. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. तो त्यांनी एकदाही दाबला नाही, याचे मला फार मोल वाटते. शिकवणीच्या वेळा मात्र ऐनवेळी बदलतात, हे खटकले. गेल्या रविवारी आईला शेजारी बसवून मी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेले. तळहात ओले होते, पण चढावर थांबलेली गाडी जराही मागे गेली नाही.