लॉन चांगलं, पण मुहूर्त सकाळचाच धरा

भाचीचं लग्न डिसेंबरात या लॉनवर केलं. हिशेबाची वही दादाने माझ्याकडे सोपवली होती. बँकेत कॅशवर उभी हयात घालवलेली बहीण असताना तो दुसऱ्या कुणाला कशाला विचारेल! त्यामुळे आकडे अजून तोंडपाठ आहेत.

भाडं 65,000. जागा नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागांना लागून. स्टेज, 300 खुर्च्या, दोन्ही पक्षांना दोन-दोन खोल्या आणि पाणी एवढं त्यात येतं. सावली येत नाही आणि उजेडही येत नाही. स्टेजवर कापड आहे, पाहुण्यांच्या डोक्यावर आभाळ. मंडपाचे पैसे चौरस फुटावर, जनरेटरचं भाडं निराळं, डिझेल जळेल तसं. मॅनेजर हे आपणहून बोलत नाही. विचारलं की मात्र सगळं कागदावर लिहून देतो, सहीसकट.

मुलाकडच्यांना गोरज मुहूर्त हवा होता. फोटो छान येतात म्हणे. मी दोन्ही वेळांचा खर्च मांडून कागद व्याह्यांपुढे ठेवला. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे अक्षता पडल्या की लगेच हॅलोजन आणि जनरेटर सुरू. शिवाय थंडी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो, आणि ते इथून काही लांब नाही. उघड्यावर जेवायला बसलेल्या आजीबाई शालीतून हात तरी बाहेर काढतील का? व्याही समंजस निघाले. गुरुजींनी बुधवारचा, सकाळी 11 वाजून 20 मिनिटांचा मुहूर्त काढून दिला. आडवार म्हणून भाड्यात 10,000 सुटले. पाहुण्यांवर पांढरं छत घातलं (रंगीत कापड घेऊ नका, खाली बसलेले सगळे हिरवेनिळे दिसतात), ते 28,000 ला पडलं. संध्याकाळचा उजेडच याच्या जवळपास दुप्पट सांगितला होता.

आपला आचारी आणू देतात, त्याचे वरून पैसे घेत नाहीत. माझ्या मते या जागेचा सगळ्यात मोठा गुण हाच, कारण बऱ्याच ठिकाणी त्यांचाच केटरर गळ्यात मारतात. किराणा आम्ही भरला, आचारी मजुरीवर. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा. चाटचा काउंटर नाही की पनीर नाही, आणि कुणी विचारलंही नाही. वाढप्यांसकट ताट 190 च्या आत बसलं. चुलीची शेड मात्र चुकीच्या बाजूला आहे. वारा तिकडूनच येतो, ऐन मंगलाष्टकांत फोडणीचा ठसका. आचाऱ्याला फोडण्या आधीच उरकायला सांगा.

माळी रोज संध्याकाळी गवताला पाणी सोडतो. ओल्या जमिनीत खुर्च्यांचे पाय रुततात, नऊवारीचे काठ चिखलाने भरतात. आम्ही दोन दिवस आधीच पाणी बंद करायला सांगितलं होतं, तरी कडेच्या पट्ट्यात सोडलंच. होम गवतावर पेटवू देत नाहीत. लोखंडी ट्रे, वाळू आणि विटा तेच देतात, फुकट. धूर मोकळ्यावर निघून जातो, म्हणजे नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते खरं समजायचं.

आदल्या रात्री हळद इथेच केली. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, पण तो पाळणारं ठिकाण मी पहिल्यांदा पाहिलं. पावणेदहालाच त्यांचा माणूस डीजेशेजारी येऊन उभा. पोरं चिडली, मला बरं वाटलं.

बायकांसाठी संडास दोनच. 350 माणसांना ते कसे पुरणार? पंगत उठल्यावर रांग लागली होती. पार्किंग भरपूर, फक्त आतला रस्ता मुरमाचा आहे.

अनामत 15,000 घेतात. किल्ल्या घेताना खोल्यांचे, नळांचे फोटो काढून मॅनेजरला तिथल्या तिथे व्हॉट्सअॅप करा. आमच्या हिशेबात तुटक्या नळाचे 900 कापले होते. फोटो दाखवल्यावर परत दिले, वाद घातला नाही.