दिवंगत आप्ताची मानसोपचाराची फाइल: नाशिकमधल्या एका रेकॉर्ड विभागाला पाचपैकी तीन

शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. नाशिकमध्ये एकही नाही. त्यामुळे इथली कागदपत्रं त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आणि खासगी दवाखाने अशी विखुरलेली असतात. हे परीक्षण शहरातल्या एका खासगी मानसोपचार रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाचं आहे.

आधी चांगलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच-शिक्का मागावा लागत नाही, ते स्वतःच देतात. मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारं रेशन कार्ड, अर्जदाराचं आधार आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र एवढ्यावर अर्ज घेतात. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर क्रमांक आणि सत्यप्रतीचा शिक्का असतो. विम्याच्या कामात हाच शिक्का लागतो.

अडतं ते शोधताना. भरती असतानाची फाइल आयपीडी नंबरवर आणि तपासणीचे केस पेपर ओपीडी नंबरवर, वेगळ्या कपाटात. अर्जात नुसतं ‘सर्व कागदपत्रं’ लिहिलं तर फक्त डिस्चार्ज कार्ड आणि औषधांचा तक्ता हाती येतो. दोन्ही नंबर लिहा, उपचारांचा काळ लिहा आणि कागद कशासाठी हवेत तेही लिहा. दाखल्यावरचं आणि केस पेपरवरचं नाव जुळत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा.

दोन गुण गेले ते नकाराच्या पद्धतीमुळे. समुपदेशनाच्या नोंदी मागितल्या की “गोपनीय आहे, घरच्यांना देत नाही” एवढंच तोंडी ऐकवतात. गोपनीयतेचा मुद्दा खोटा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ गोपनीयतेचं आणि कलम २५ रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळण्याचं. मृत्यूनंतर कुटुंबाला काय मिळावं हे त्यात स्पष्ट नाही. म्हणून डॉक्टरांनी विचार करून काही पानं राखली तर ते समजण्यासारखं आहे. गेलेल्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं सगळंच घरात यावं असं नाही. पण नकार सहीनिशी, कारणासह लेखी हवा. तो हातात नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे (याच कायद्याखाली तक्रारी ऐकणारं मंडळ) किंवा उच्च न्यायालयात काय दाखवणार? या दोघांच्या आदेशानं माहिती देता येते, हे कलम २३ मध्येच आहे. घर आधीच कोसळलेलं असताना माणसांना तोंडी उत्तरावर परत पाठवणं चुकीचंच आहे.

आयुर्विम्याच्या दाव्यासाठी कागद काढत असाल तर आधी पॉलिसीची तारीख बघा. ३ वर्षं उलटली असतील तर विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे ‘आजार लपवला’ म्हणून दावा नाकारता येत नाही. मग अख्खी फाइल देण्याची गरज बहुधा उरत नाही. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली असेल तर ३ वर्षं त्या तारखेपासून मोजतात.

घाई करायची ती एकाच कारणासाठी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच जपणं बंधनकारक आहे, मृत्यूच्या तारखेपासून नव्हे. जुनी फाइल रद्दीत गेलेली असू शकते. कागद लगेच नको असले तरी ‘फाइल नष्ट करू नये’ असं पत्र देऊन पोच घ्या. हा विभाग असं पत्र घेतो आणि फाइलला लावून ठेवतो.