रांग कोणती धरावी: ईबी-२ की ईबी-३?

अमेरिकेत नोकरीवरून ग्रीनकार्ड मागणाऱ्या आपल्यासारख्यांच्या या दोन रांगा. आधीच सांगून टाकतो, माझं ग्रीनकार्ड अजून आलेलं नाही. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लावल्याची तारीख, जून २०१४ची. पर्म म्हणजे कंपनीनं त्या जागेसाठी कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी, आय-१४० म्हणजे त्यावर कंपनीनं तुमच्यासाठी करायचा अर्ज, आणि बुलेटिन म्हणजे कुठली रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं महिन्याचं पत्रक. बाकी बाराखडीत वेळ घालवत नाही.

ऑक्टोबर २०२०चं व्हिसा बुलेटिन आलं त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी झोपलं नाही. फायलिंगच्या, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्यांनी शेवटचा अर्ज भरावा ते सांगणाऱ्या, तक्त्यात भारताची ईबी-३ची तारीख थेट १ जानेवारी २०१५, आणि ईबी-२ची १५ मे २०११. ज्या रांगेला आम्ही खालची म्हणायचो ती साडेतीन वर्षं पुढे निघून गेली होती. तेव्हापासून ‘डाऊनग्रेड करू का?’, म्हणजे ईबी-२ मधून ईबी-३ मध्ये जाऊ का, असं मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच.

मुळात ‘डाऊनग्रेड’ या शब्दानंच निम्मी माणसं बिचकतात. एम.एस. करून आलेल्याला ईबी-३ म्हणजे वर्गातल्या मागच्या बाकावर बसवल्यासारखं वाटतं. पण कॅटेगरी नोकरीची असते, माणसाची नव्हे. जागेला मास्टर्स किंवा बॅचलर्सवर पाच वर्षांचा अनुभव लागत असेल तर ईबी-२. साधी पदवी किंवा दोन वर्षांचा अनुभव पुरत असेल तर ईबी-३. आपल्याकडचे तीन वर्षांचे बी.एस्सी. वाले बरेचदा पहिल्यापासूनच ईबी-३ मध्ये असतात, कारण इथे अमेरिकेत पदवी चार वर्षांची धरतात. शेवटी मिळणारं कार्ड एकच. आणि ईबी-३ची नवी फाईल त्याच पर्मवर होते, तारीख तीच राहते, जुनी ईबी-२ची मंजुरीही जागेवर राहते. कंपनीनं पुन्हा सही करायला हवी, एवढीच मेख.

दोन्ही रांगांचा वाटाही सारखाच. सालातल्या नोकरीवरच्या १,४०,००० व्हिसांपैकी २८.६ टक्के हिला, तेवढेच तिला, आणि देशामागे सात टक्क्यांची मर्यादा दोन्हीकडे. त्यामुळे कुठली रांग पुढे पळणार हे रांगेत कितीजण उभे आहेत त्यावर ठरतं. आम्ही सगळे ईबी-३ मध्ये घुसलो आणि तीच तुंबली, हे कबूल करायला हवं.

माझा निर्णय मात्र या हिशेबावर झाला नाही. तो स्टॅम्पिंगनं, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेण्याच्या भानगडीनं झाला.

२०१८ मध्ये भाच्याच्या मुंजीला वाईला गेलो, दोन आठवड्यांची रजा काढून. पासपोर्टवरचा एच-१चा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का संपला होता, म्हणून जाता जाता अमेरिकन वकिलातीत स्टॅम्पिंगची वेळ घेतलेली. मुलाखत चार मिनिटांची झाली आणि खिडकीतून २२१(जी)ची, म्हणजे निर्णय लांबणीवर टाकल्याची, चिठ्ठी हातात आली. आणखी कागद द्या, मग बघू. त्या ‘मग बघू’ला सात आठवडे लागले. मुंजीचा मांडव उतरला, पाहुणे पांगले, आणि मी रोज रात्री आठला आईच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचो. वीज गेली की फोनचं हॉटस्पॉट. मुलीची तिकडे शाळा सुरू झालेली. बायकोचा एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, माझ्याच शेपटीला बांधलेला, म्हणजे तीही अडकलेली. आनंद होता तो फक्त आईला. रोज सकाळी विचारायची, ‘आजही नाही ना आला मेल?’ आणि थालीपीठ लावायला घ्यायची.

आय-४८५, म्हणजे ग्रीनकार्डाचा शेवटचा अर्ज, एकदा दाखल झाला की ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, मिळतो, आणि परत येताना शिक्का लागत नाही. माझ्या लेखी बाकीचे फायदे, म्हणजे ईएडी (काम करायचा परवाना), १८० दिवसांनंतर तशाच कामाची दुसरी नोकरी धरता येणं, हे नंतरचे. २०२० मध्ये माणशी १,२२५ डॉलर भरले आणि ईबी-३ मधून फाईल केलं. (आता फी १,४४० आहे, आणि ईएडी व पॅरोलचे पैसे वेगळे. तेव्हा तुमचं गणित माझ्यापेक्षा थोडं कडक.)

आता दुसरी बाजू. २०२२ मध्ये कुटुंब-व्हिसांमधून उरलेले व्हिसा नोकरीच्या रांगांकडे वळले, सालाचा आकडा २,८०,०००च्या पुढे गेला, आणि ईबी-२ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत धावली. आमची ईबी-३ फेब्रुवारी २०१२ वर रुतून बसलेली. मग आम्ही डाऊनग्रेडवाले ‘आमची फाईल परत ईबी-२ला जोडा’ म्हणून अर्ज करत सुटलो. काहींना कार्डं मिळाली. माझा नंबर लागायच्या आत सप्टेंबरमध्ये त्या वर्षीचे ईबी-२चे व्हिसा संपले, आणि डिसेंबरात तारीख उलटी ऑक्टोबर २०११ वर. माझा एक मित्र या सगळ्यात काहीच न करता ईबी-२ मध्ये बसून होता. त्यानंही २०२२ मध्ये आय-४८५ फाईल केलं. म्हणजे आम्हा दोघांत फरक पडला जेमतेम दोन वर्षांचा. पण ती दोन वर्षं अशी होती की भारतात स्टॅम्पिंगची तारीख मिळणं मुश्कील होतं. त्यात माझ्या बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी भारतात जाऊन आलो, मित्र मात्र त्या काळात भारतात जाऊ शकला नाही.

अनस्किल्ड, म्हणजे ईबी-३च्या तिसऱ्या कप्प्याबद्दल गावाकडून फोन येतात, म्हणून दोन ओळी. तिथे जगभराला मिळून सालाला जास्तीत जास्त १०,००० व्हिसा, आणि पर्मचा खर्च कायद्यानं मालकानंच करायचा असतो. एजंट पर्मसाठी लाखात पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

तर मी काय सांगू? ज्यांची मुलं भारतात जन्मली आणि एकविशीकडे चाललीत त्यांनी माझं न ऐकता आधी वकिलाकडे, मूल आपल्या अर्जात राहतं का, हा वयाचा हिशेब करून घ्यावा. कंपनी बदलायच्या बेतात असाल तरी थांबा. बाकीच्यांनी, मला वाटतं, ज्या रांगेत आज आय-४८५ घेतात त्या रांगेत शिरावं, नाव काहीही असो. कार्ड कुठून आधी येईल ते मलाही सांगता येणार नाही. फक्त एच-१ चालू ठेवा, तो सोडू नका.

पॅरोलवर परत येताना विमानतळावर आतल्या खोलीत बसवतात, फोन बंद ठेवायला लावतात. मागच्या वेळी पन्नास मिनिटं लागली. आईनं दिलेली थालीपीठं डब्यात होती, ती मात्र तिथे खाऊ दिली नाहीत.