स्वभावानुसार अभ्यासपद्धती सुचवणारी मार्गदर्शन सेवा: अहवाल कमकुवत, बैठका उत्तम

विद्यार्थ्याचा स्वभाव आणि त्याची प्रेरणा लक्षात घेऊन अभ्यासपद्धती सुचवणारी एक ऑनलाइन सेवा आम्ही आमच्या मुलीसाठी घेतली होती. आधी प्रश्नावली, मग लेखी अहवाल, त्यानंतर मार्गदर्शकांबरोबर बैठका आणि दर आठवड्याला आढावा, असे तिचे स्वरूप आहे. अहवाल मला पटला नाही, बैठका मात्र मनापासून आवडल्या.

अहवालात मुलीवर ‘दृश्य अध्ययनशैली’चा, म्हणजे ती पाहूनच अधिक चांगले शिकते असा, शिक्का मारून सगळे विषय रंगीत आकृत्यांतून शिकण्याचा सल्ला दिला होता. तिला चित्रे आवडतात हे खरेच आहे. पण एखादी गोष्ट आवडणे आणि तिच्यामुळे अधिक चांगले शिकता येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने अधिक फायदा होतो असे म्हणण्यास पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. हृदयाची रचना कोणालाही आकृती पाहूनच नीट समजते आणि नव्या भाषेचे उच्चार कोणालाही ऐकूनच शिकावे लागतात. तिथे माध्यम विषय ठरवतो. शिवाय असा शिक्का बसला की ‘मला ऐकून समजतच नाही’ ही सबब मुलांना आयती मिळते, याची मला अधिक काळजी वाटते.

बैठकांत मात्र मार्गदर्शक ताईंनी त्या शिक्क्याचा उल्लेखही केला नाही. अभ्यास कसा करायला आवडतो, यापेक्षा पुस्तक नेमके कोणत्या क्षणी बाजूला ठेवावेसे वाटते, हे त्यांनी खोदून विचारले. मग प्रकाशसंश्लेषणाचा धडा मिटवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला सांगितले. मुलगी चार ओळींत अडली. ताईंनी त्या ओळींखाली मोकळी जागा सोडायला लावली, पुस्तक फक्त तेवढ्या रिकाम्या जागा भरण्यापुरते उघडू दिले आणि काही दिवसांनी नवा कोरा कागद घेऊन हेच पुन्हा करायला सांगितले. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दहा अभ्यासतंत्रांची तुलना केली, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणीत अंतर ठेवणे ही दोन तंत्रे सर्वांत उपयुक्त ठरली, तर पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळी अधोरेखित करणे यांचा उपयोग कमी आढळला. मुलांचा यावर चटकन विश्वास बसत नाही, याचेही कारण आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने मात्र स्वतःची चाचणी घेतलेले पुढे गेले. वाचताना सगळे येते असे वाटते, आणि कोरा कागद तो भ्रम लगेच दूर करतो.

मग स्वभावाचा प्रश्न येतो कुठे? माझ्या मते तो तंत्र निवडताना नव्हे, तर ते तंत्र रोजच्या दिवसात बसवताना येतो, आणि ताईंचे खरे कौशल्य तिथेच दिसले. आमची मुलगी बुजरी आहे, चारचौघांत चुकायला घाबरते. म्हणून तिचा कोरा कागद एकांतात, गुणांशिवाय, आणि आम्हीही तो पाहायचा नाही. बोलक्या मुलांसाठी हीच चाचणी मित्रांनी एकमेकांना प्रश्न विचारून घ्यावी, असे त्या म्हणाल्या. आमच्या मुलीत शिस्त उपजत नाही, हे ओळखून त्यांनी उपदेश टाळला आणि ‘दप्तर खाली ठेवले की गणिताची वही उघडायची’ असे एकच जर-तर वाक्य ठरवून दिले. मोघम संकल्पापेक्षा अशी नेमकी योजना अधिक टिकते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. अहवालाने पोमोडोरो तंत्रही, म्हणजे घड्याळ लावून पंचवीस मिनिटे अभ्यास आणि मग छोटी विश्रांती, सुचवले होते, पण गणितात नुकती गती येते तोच घंटा वाजू लागली. ताईंनी घड्याळ काढून टाकले आणि हातातले उदाहरण संपल्यावरच विश्रांती, असे ठरवले.

विषयांचा क्रम त्यांनी मुलीलाच ठरवू दिला, हेही मला महत्त्वाचे वाटते. मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन यांच्या मांडणीनुसार स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपुलकीचे नाते यांवर माणसाची आतून येणारी प्रेरणा पोसली जाते. नेमक्या याच ठिकाणी सेवेचे ॲप चुकते. प्रत्येक पूर्ण धड्याला ते चांदणी देते, आणि मुलगी चांदण्यांसाठी सोपे, छोटे धडे निवडू लागली. ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांना बक्षिसाचे आमिष दाखवल्यावर त्यांची ती आवड घटली, हे लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्येच दाखवले होते. चांदण्या बंद करण्याची सोय ॲपमध्ये नाही. साप्ताहिक आढावाही फक्त पालकांना येतो; तो आधी विद्यार्थ्याच्या हाती पडायला हवा.

तासन्‌तास बसूनही ज्यांच्या पदरी काही पडत नाही, अशा मुलांसाठी मी ही सेवा जरूर सुचवेन. विषयच समजत नसेल तर मात्र आधी चांगला शिक्षक शोधावा, कारण ते काम ही सेवा करत नाही. नाव नोंदवताना बैठका किती आणि त्या सर्व एकाच मार्गदर्शकाबरोबर होणार का, हे आधी विचारून घ्यावे. केवळ प्रश्नावली आणि अहवालाचा पर्याय घेऊ नये.