पोलो जीटीसाठी निवडलेली ड्रॅगची चाके आणि टायर : एका मोसमाचा अनुभव

माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे इंजिन मी रीमॅप करून घेतले, म्हणजे त्याचे संगणकीय नियंत्रण बदलून घेतले, तेव्हा तिची ताकद वाढली खरी, पण ती रस्त्यावर उतरेना. कंपनीने दिलेल्या १०५ पीएस शक्तीला आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्कला मूळचे १८५/६० आर १५ टायर (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, चाक १५ इंची) पुरेसे होते. रीमॅपनंतर मात्र पहिल्या गिअरमध्ये पुढची दोन्ही चाके जागेवरच फिरत राहत. म्हणून ड्रॅगसाठी, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ पट्टीवर कमीत कमी वेळात अंतर कापण्याच्या शर्यतीसाठी, मी १५ इंची, ७ इंच रुंद, फ्लो-फॉर्म्ड पद्धतीने (धातूची कड दाबाने लाटून) बनवलेली दोन हलकी अलॉय चाके घेतली आणि त्यांवर टोयो प्रॉक्सेस आर८८८आर हे सेमी-स्लिक (कमी खाचांचे, मऊ रबराचे) टायर १९५/५० आर १५ या मापात चढवले. एका मोसमाच्या वापरानंतर हे लिहीत आहे.

चार नव्हे, दोनच चाके घेतली, याचे कारण आधी सांगतो. पोलो पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. ती सुटते तेव्हा वजन मागे सरकते आणि ज्या चाकांनी गाडी ओढायची, नेमकी तीच हलकी होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हेच वजन मदत करते, त्यामुळे परदेशी ड्रॅगच्या छायाचित्रांत मागे दिसणारे रुंद टायर पाहून आपल्या पोलोच्या मागे तसे काही बसवणे हा निव्वळ अपव्यय ठरतो. आपल्याला चांगली पकड पुढे हवी. मागे कमी रुंदीचे, हलके आणि हवा भरपूर असलेले साधे टायर पुरतात.

नाशिकमध्ये अलॉय पाहायला निघालो, तेव्हा मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत जवळपास प्रत्येक दुकानात मला १७ इंची चाके सुचवण्यात आली. ती दिसतात छान, पण २०५/४० आर १७ टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची केवळ ८२ मिलिमीटर असते, तर मूळच्या टायरची १११ मिलिमीटर. गाडी सुटताना हीच भिंत थोडी दबते, धक्का पचवते आणि टायरचा पृष्ठभाग जमिनीला धरून राहतो. भिंत बुटकी असेल तर टायर पकड सोडून उड्या मारू लागतो. शिवाय चाक मोठे झाले की वजन केंद्रापासून दूर जाते आणि ते फिरवायलाच इंजिनाची शक्ती खर्ची पडते. माझ्या वजनकाट्यावर नवे चाक टायरसकट मूळच्या चाकापेक्षा सुमारे दोन किलोने हलके भरले, आणि हा फरक मला बाह्य रूपापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

निवडलेल्या मापातही तडजोड आहे, हे मान्य केले पाहिजे. १९५/५० आर १५ ची भिंत साडेसत्त्याण्णव मिलिमीटर भरते. १९५/५५ असते तर १०७ मिळाली असती, पण मऊ रबराचा टायर त्या मापात मला मिळाला नाही. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आल्यामुळे असे टायर वाट पाहूनच हाती येतात, आणि सीएटसारखा टायरचा कारखाना ज्या शहरात आहे, तिथे राहूनही माझी सुटका झाली नाही. या मापाचा दुसरा परिणाम असा, की चाकाचा एकूण व्यास ६०३ मिलिमीटरवरून ५७६ वर येतो. म्हणजे गिअर सुमारे साडेचार टक्क्यांनी आखूड होतात, गाडी चपळपणे उठते, आणि वेगमापक त्याच प्रमाणात अधिक वेग दाखवतो. भारांक ८२ आहे, म्हणजे प्रत्येक टायर ४७५ किलो पेलतो. पोलोच्या पुढच्या ॲक्सलला तो पुरतो, परंतु जड गाडीवाल्यांनी हा आकडा तपासल्याशिवाय माप कमी करू नये.

टायरचे रबर मऊ आहे. त्याचा ट्रेडवेअर आकडा (झिजण्याला किती टिकतो हे सांगणारा) १०० आहे, तर सर्वसाधारण प्रवासी टायरचा तीनशेच्या वर असतो. पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे सुमारे १८ मीटरचा, वेळ जीपीएस उपकरणावर साध्या टायरवर २.६ सेकंदांच्या आसपास येई. याच गाडीवर, याच रीमॅपवर तो २.३ पर्यंत उतरला. ४०२ मीटरच्या शर्यतीत एवढ्या अंतरात मिळवलेला वेळ शेवटपर्यंत टिकतो, आणि तो पुढे केवळ ताकदीच्या जोरावर भरून काढायचा म्हटले, तर टायरच्या किमतीच्या अनेक पट खर्च इंजिनावर करावा लागतो. पुढे २६ पीएसआय आणि मागे ३८ पीएसआय हवा मला सर्वांत जुळली. पुढची हवा याहून कमी केल्यावर स्टिअरिंग जड आणि संदिग्ध झाले, म्हणून मी तो मोह आवरला.

एक इशारा मात्र गांभीर्याने देतो. साधा टायर घसरतो तेव्हा तो गिअरबॉक्सवरचा ताण स्वतःवर घेत असतो. पकड वाढली की तो सगळा ताण क्लच आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो, आणि या गाडीतील सात गिअरच्या डीएसजीचे (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे) क्लच कोरड्या प्रकारचे, म्हणजे तेलाने थंड न होणारे, आहेत. म्हणून एका दिवसात मी मोजक्याच धावा करतो आणि मध्ये गाडीला पुरेशी विश्रांती देतो.

बसवणुकीत मला जो अनुभव आला, तो इतरांना येऊ नये. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांच्या बोल्टची बैठक (बोल्ट चाकाला जिथे टेकतो तो भाग) गोलाकार असते, तर बाजारातील बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराची बैठक लागते. ज्या दुकानातून मी चाके बसवून घेतली, तिथे मूळचेच बोल्ट आवळून दिले गेले. घोटीच्या पुढे स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवली म्हणून थांबलो, तर दोन बोल्ट हाताने फिरत होते. पुढे कसाऱ्याचा घाट होता, हे आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते. योग्य बोल्ट आणि चाकाचे ७३.१ मिलिमीटरचे मधले छिद्र हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) ५७.१ मिलिमीटरवर आणणारी रिंग, या दोन्ही गोष्टी विकत घेऊन मीच बसवल्या. आता १२० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळतो आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासतो. वायुवेगाच्या गोष्टी बोलणाऱ्या दुकानाला बोल्टच्या बैठकीबद्दल आधी विचारावे, उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

हे टायर रोजच्या वापरासाठी नाहीत. खाचा कमी असल्यामुळे नाशिकच्या पावसात, विशेषतः महामार्गावर साचलेल्या पाण्यात, अशा प्रकारच्या टायरवर वेगाने जाणे धोक्याचे आहे. आणि पुढे चिकट व मागे साधे टायर असले, तर ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग सुटण्याची भीती आणखी वाढते. थंडीच्या सकाळी रबर तापेपर्यंत पकडही अपेक्षेपेक्षा कमी असते. त्यामुळे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला जाताना मी मूळच्या चाकांवरच निघतो आणि मागचे आसन दुमडून ही दोन चाके डिकीत टाकतो. जॅक लावून बदलायला जेमतेम अर्धा तास लागतो. त्र्यंबक रोडवर किंवा गंगापूर रोडवर रात्री ताकद आजमावणाऱ्यांसाठी हे लिहिलेले नाही. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यांवर आपल्याच घरची माणसे चालत असतात.

मोसम संपल्यावर चाके धुऊन, काळ्या पिशवीत बांधून, उन्हापासून आणि विजेच्या मोटरपासून (पाण्याचा पंप वगैरे) दूर ठेवली आहेत. विकत घेतानाही बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचून घ्यावेत. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, आणि मऊ रबर न वापरताही वयाने कडक होते. माझ्या जोडीची झीज डाव्या बाजूला थोडी अधिक दिसते, त्यामुळे पुढच्या धावेआधी अलाइनमेंट तपासून घेणार आहे.